क्रोशाची कुळकथा



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम हातच जोडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हटला की मला लढाया, किल्ले आणि सनावळ्या आठवतात, आणि त्या तर कधीच पाठ झाल्या नाहीत. पण बाई म्हणाल्या, "तुमच्या हातात जे असेल त्याचाच इतिहास लिहा की!" त्या वेळी माझ्या हातात क्रोशाची सुई होती. तेव्हा ही तिचीच कुळकथा. यातली काही माहिती वाचनालयातून मिळवली, काही कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या लेकीने शोधून दिली, आणि काही आमच्या घरातलीच आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

लोकरीचे विणकाम थंडीचे आणि क्रोशाचे सुती काम उन्हाळ्याचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. शिमगा झाला, उन्हे चढू लागली की शिरूर-दौंडच्या आपल्या कोरड्या पट्ट्यात दुपारी बारा ते चार कोणी घराबाहेर पडत नाही. पापड-कुरडया वाळत असतात, मुले झोपलेली असतात, आणि ओसरीवर बसून कोणीतरी सुई चालवीत असते. समोर चैत्रगौरीचे हळदीकुंकू आलेले असते. आरासीला झालर हवी, पन्ह्याच्या भांड्यावर जाळी हवी, बाळंतपणाला आलेल्या लेकीसाठी सुती टोपडे हवे. कोणी विचारले, "काय चाललंय?" तर उत्तर ठरलेले. "काही नाही हो, फावल्या वेळातलं आपलं!"

हे 'फावल्या वेळातलं' उत्तर मीही जन्मभर दिले. पण क्रोशाची हकीकत शोधू लागले तेव्हा वाटले, या उत्तराची एकदा नीट तपासणी केली पाहिजे.

क्रोशा हा शब्द मूळचा फ्रेंच. 'क्रोशे' म्हणजे लहानसा आकडा. सुईच्या टोकाला जो आकडा असतो त्यावरून सगळ्या कामालाच हे नाव पडले. आता गंमत पाहा. आकड्याने साखळी घालण्याची विद्या आपल्या देशाला नवी नव्हती. कच्छ-गुजरातकडचे मोची कारागीर आरी नावाच्या आकड्याच्या हत्याराने कातड्यावर आणि कापडावर साखळीचे भरतकाम करीत असत. असेच आकड्याचे भरतकाम अठराव्या शतकात पूर्वेकडच्या देशांतून युरोपात गेले. तिकडे कापड ढोलासारख्या गोल चौकटीवर ताणून बसवीत, म्हणून त्याला ढोलावरून 'तांबूर' काम म्हणत. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले की खालचे कापड काढून घेतले तरी साखळी सुटत नाही, ती नुसत्या हवेत उभी राहते. क्रोशाचा जन्म असा झाला, असे काही अभ्यासकांचे मत आहे. फ्रेंच लोकांनी त्याला नावही 'हवेतला क्रोशे' असेच दिले होते. म्हणजे आकडा इकडून तिकडे गेला आणि शंभर वर्षांनी नवे रूप घेऊन परत आला, असे म्हणायला हरकत नाही. लेक माहेराहून जाते आणि सासरची रीत शिकून परत येते, तसेच हे.

छापील नमुन्यांत सर्वांत जुने नमुने १८२३ सालचे मानतात. 'पेनेलोपे' नावाच्या एका डच मासिकात क्रोशाच्या बटव्यांची चित्रे आली होती. तोवर हे श्रीमंत घरच्या बायकांचे मन रमवण्याचे काम होते. त्यांना वेळ खरोखरीच फावला असावा.

पण वीसएक वर्षांतच या सुईवर निराळा प्रसंग आला. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गोरगरिबांचे सारे पोट त्या एका पिकावर. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्या दिवसांत कॉर्क शहराजवळच्या ख्रिस्ती जोगिणींनी मुलींना क्रोशा शिकवला. क्लोन्स नावाच्या गावात १८४७ साली कॅसँड्रा हँड या पाद्र्याच्या पत्नीने तेच काम सुरू केले. व्हेनिसची सुईची लेस तयार व्हायला महिनेच्या महिने लागत. तिच्यासारखीच दिसणारी लेस क्रोशाने पुष्कळ लवकर होई. एका बाईने फुले करायची, दुसरीने पाने, तिसरीने ती जोडायची, अशी वाटणी असे. ही लेस लंडन-पॅरिसच्या बाजारात गेली आणि तिच्या पैशावर कित्येक घरांतली चूल पेटली. शेत गेले, नवऱ्याची मजुरी गेली, तेव्हा घरात कमावता राहिला तो हा वीतभर आकडा. त्या बायका दिव्याच्या उजेडात डोळे फोडीत होत्या त्याला कोणी 'फावला वेळ' म्हणेल काय?

दुष्काळ म्हटला की आपला मुलूख आठवल्यावाचून राहत नाही. १८७६ ते १८७८ चा दख्खनचा मोठा दुष्काळ आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागाने भोगला. त्यानंतर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ देशभर लागोपाठ आले. या दोन दुष्काळांशी आपल्या दौंड तालुक्यातल्या केडगावचे नाव कायमचे जोडले गेले आहे, ते पंडिता रमाबाईंमुळे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. दुष्काळातच त्यांचे आईवडील गेले. भूक म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागले नव्हते. १८८२ साली त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. आपण दर महिन्याला सतरंजीवर गोल बसतो, त्या सभेची ती पणजी समजा. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि अन्नाला मोताद झालेल्या मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात त्या वेळी प्लेग. इतक्या नव्या माणसांना शहरात ठेवण्याची सोय नव्हती. तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर आणले. पुढच्या दुष्काळात गुजरातेतल्या बायका आल्या आणि वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. हेच मुक्ती सदन.

इतक्या बायकांना नुसते जेवू घालून भागणार नव्हते. तिथे हातमाग होते, शिवण होते, भरतकाम होते, शेती होती, दूधदुभते होते, आणि बायकांनी स्वतः चालवलेला छापखानाही होता. ज्या बाईला घरच्यांनी आणि काळाने टाकून दिले, तिच्या हातात रमाबाईंनी काम दिले, आणि ते काम शिकवले ते कमाईचे म्हणून. वेळ घालवण्याचे म्हणून शिकवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांचा अंत झाला. पुणे-दौंड गाडी केडगाव स्टेशनावर थांबते तेव्हा मी खिडकीतून हात जोडते. शेजारचे लोक विचारतात, इथे कोणते देऊळ आहे?

पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन काढले. तिथेही लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणटिपण शिकवीत. 'बाईने शिकून काय करायचे?' असे विचारणाऱ्या घरांतून मुलगी बाहेर काढायची, तर शिवणाचे निमित्त बरे पडे. सुईच्या मागून पाटी घरात शिरली, असे मला वाटते.

क्रोशा आपल्या गावांत शिरला तो अशाच वाटांनी. मिशनच्या शाळा, साहेबांच्या छावण्या आणि रेल्वेच्या वसाहती या त्या वाटा. आपल्या शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, इंग्रजी फौजेची छावणी होती आणि पुढे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणेही झाले. नदीपलीकडे नगरला सिंथिया फरार या अमेरिकन बाई १८३९ पासून १८६२ साली मरण येईपर्यंत मुलींच्या शाळा चालवीत होत्या. आणि माझे माहेर दौंडकडचे. तिथे १८७८ साली मनमाडचा लोहमार्ग येऊन मिळाला, गाव मोठे जंक्शन झाले आणि रेल्वेच्या लोकांची वसाहत वाढली. आमच्या घरात सुई आली ती त्या वसाहतीतून.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, दौंडजवळच्या वाडीत राहणारी. घरी दोन म्हशी. सन पंचावन्नच्या सुमारास ती डोक्यावर चरवी घेऊन वसाहतीत रतीब घालायला जात असे. तिथे एक ख्रिस्ती बाई व्हरांड्यात क्रोशा विणीत बसलेल्या असत. आजीला त्यांची भाषा येईना, त्यांना आजीची येईना. आजी दूध मापून घालायची आणि पायरीवर बसून नुसती बघायची. असे पुष्कळ दिवस गेल्यावर त्या बाईंनी एक जुनी पोलादी सुई आणि उरलेल्या दोऱ्याची गुंडी तिच्या हातात दिली. एक शब्द न बोलता ही शिकवणी झाली. त्यामुळे आजीला एकाही टाक्याचे इंग्रजी नाव ठाऊक नव्हते. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, दुहेरी खांब ही आपली नावे तिला पुढे वाडीतल्या मास्तरांच्या बायकोकडून कळली.

आम्हा नातींना शिकवताना ती सांगायची, "अगं, धागा वढायचा न्हाई, त्येला येऊ द्यायचं." नवशिक्या मुलींना आजही मी हेच सांगते. दोरा डाव्या हाताच्या बोटांत सैल खेळला पाहिजे. ओढून घातलेली साखळी कडक होते, पुढच्या ओळीला सुई आत शिरत नाही आणि काम वाटीसारखे वर उचलते. उलट गोल कामात टाके जास्त वाढवले तर कडेला चुण्या पडतात. टोपड्याला वाटी हवी, रुमालाला सपाटी हवी, झालरीला चुणी हवी. एकाच सुईने आणि एकाच दोऱ्याने हे तिन्ही होते. फरक टाके किती वाढवले याचाच.

उन्हाळ्याच्या कामात खांबापेक्षा साखळीला महत्त्व. साखळी जितकी जास्त तितकी जाळी मोकळी, वारा खेळता आणि दोराही कमी लागतो. पाण्याच्या तांब्यावरची जाळी अशीच मोकळी असते आणि तिच्या कडेला मणी ओवायचे, म्हणजे वाऱ्याने ती उडत नाही. आंब्यांची किंवा भाजीची जाळीची पिशवी हेही उन्हाळ्याचेच काम. रिकामी असताना मुठीत मावते, भरली की गुडघ्यापर्यंत लोंबते. लहान मुलांच्या झबल्याला आणि टोपड्याला मऊ सुती दोरा घ्यावा. गाठ आत न ठेवता शेवट टाक्यांतून ओवून लपवावा, नाहीतर घामोळ्यावर घासतो. पांढरे काम घामाने पिवळे पडते, म्हणून मांडीवर धुतलेला पंचा पसरून बसावे आणि हात पुन्हा पुन्हा पुसावे. सुईही पुसून ठेवावी, गंज दोऱ्याला लागला तर जात नाही. काम झाल्यावर रिठ्याच्या पाण्यात धुऊन, साबुदाण्याची पातळ खळ देऊन, पाटावर टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवावे. तोरणाची टोके मग वर्षभर ताठ राहतात.

आजीचे नाव होते ते चौकटीच्या जाळीसाठी. ही जाळी अगदी हिशेबी. एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा एक खांब अशी रिकामी चौकट होते. साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की चौकट भरते. रिकाम्या आणि भरलेल्या चौकटींतून मोर, कमळ, अक्षरे, काहीही उमटवता येते. दहा चौकटींना एकतीस टाके, वीस चौकटींना एकसष्ट; तीनाचा पाढा आणि वर एक. आजी शाळेत एक दिवस गेली नव्हती, पण हा पाढा तिला कुठूनही विचारा.

तिने एकदा 'सुस्वागतम्' अक्षरांचे तोरण विणले. मास्तरांनी चौकटीच्या वहीवर अक्षरे काढून दिली होती. ती चौकटी मोजीत गेली आणि अक्षरे उमटली. कोणते अक्षर काय म्हणते, हे तिला ठाऊक नव्हते. आत्याच्या लग्नात तिने ते हौसेने स्वतःच्या हाताने दारावर बांधले. या जाळीला उलटसुलट बाजू नसते. दोन्हीकडून सारखीच दिसते. तोरण उलटे बांधले गेले आणि अक्षरे आरशात दिसतात तशी उलटी झाली. पाहुण्यांपैकी कोणी तरी हसले. आजीला कारण कळेना. कोणीतरी सांगितल्यावर तिने काही न बोलता तोरण उतरवले, फिरवून बांधले, आणि लग्न उरकल्यावर त्याच्या उजव्या कोपऱ्यात तांबड्या दोऱ्याचा एक टाका घातला. पुन्हा चूक होऊ नये म्हणून. ते तोरण आज माझ्याकडे आहे. सगळ्या जगाचे स्वागत तिने अक्षरांत विणले, पण स्वतःचे नाव काही तिला लिहिता आले नाही. तिची खूण म्हणून आहे तो तेवढा तांबडा टाका.

१९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या वयस्कर भगिनींना आठवत असेल. म्हशी विकल्या. आजी-आजोबा दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. आजी सांगायची, संध्याकाळी सुई हातात घेतली की तळव्याच्या भेगांत दोरा अडकायचा आणि पांढऱ्या कामावर डाग पडायचा. मग ती निजताना हाताला तेल चोळायची आणि पहाटे, कामावर जाण्याआधी, कंदिलापाशी बसून परकराची लेस विणायची. ती लेस एक फिरता व्यापारी घेऊन जाई. माप हाताचे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. पण हात कोणाचा? त्या व्यापाऱ्याचा! तो उंचापुरा गडी आणि आजी चणीने बारकी. घरी तिने बारा हात मोजून नेलेली लेस त्याच्या मापाने दहाच हात भरायची. आजी हे हसत हसत सांगत असे. आम्हीही हसत असू. आता हसू येत नाही.

हे हाताचे माप मला पुन्हा आठवले, ते नरसापूरची हकीकत ऐकली तेव्हा. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर गाव आहे. आपल्या नाशिकची गोदावरी तिथेच समुद्राला मिळते. त्या भागात १८४४ च्या सुमारास मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. तेव्हापासून तिथे घरोघर हे काम चालते आणि माल परदेशी जातो. दुष्काळ आले, मंदी आली, तरी काम टिकले. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे पैठणीला किंवा पुणेरी पगडीला आहे तसा सरकारी शिक्का.

पण तिथल्याच बायकांवर मारिया मीस नावाच्या जर्मन विदुषींनी १९८२ साली एक पुस्तक लिहिले. त्यांना असे आढळले की या बायका घरचे सगळे आवरून दिवसाचे कित्येक तास लेस विणीत. माल दूरदेशी विकला जाई, व्यापारी गबर होत, आणि विणणाऱ्या बाईच्या पदरात अगदी किरकोळ मजुरी पडे. तसे का? तर त्यांना कोणी कामगार मानतच नसे. त्या 'घरी बसलेल्या' बायका, आणि विणकाम हे त्यांचे फावल्या वेळातले. लेकीने हे वाचून दाखवले तेव्हा माझ्या हातातली सुई थांबली. हा शब्द तिकडेही होता तर!

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. ती सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी एक टेबलावरचा रुमाल केला. छत्तीस फुले, एकेक फूल चाळीस मिनिटांचे. म्हणजे नुसत्या फुलांचे चोवीस तास. जोडणी, कड, धुणे आणि खळ यांचे आठ तास. एकूण बत्तीस. दोरा २२० रुपयांचा. एका दुकानात घेऊन गेले. दुकानदारांनी विचारले, "किती द्यायचे?" आणि मी म्हणाले, "फावल्या वेळात केलाय, काय द्याल ते द्या." त्यांनी ३८० रुपये दिले. लेकीची परीक्षेची फी भरायची होती, मी घेऊन आले. घरी हिशेब मांडला. दोरा वजा जाता १६० रुपये उरले. बत्तीस तासांचे १६०, म्हणजे तासाला पाच रुपये. आठवड्याने त्याच दुकानाच्या काचेत तो रुमाल दिसला. चिठ्ठीवर लिहिले होते, 'हातकाम, ९०० रुपये.' हात कोणाचा, ते लिहिलेले नव्हते.

दुकानदारांना मी दोष देत नाही. त्यांना जागेचे भाडे आहे, दिवाबत्ती आहे, माल महिनोन्महिने पडून राहतो. चूक माझी होती. आजीचे माप निदान दुसऱ्याने आपल्या हाताने कमी केले. माझे माप मीच, माझ्याच तोंडाने कमी केले.

आणि खरे पाहिले तर हा वेळ फावतो तरी कोठे? २०१९ साली भारत सरकारने देशभर वेळेची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायकांचे विनामोबदला घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात असे तीत आढळले. म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची मिनिटे ९७. हे पाच तास झाल्यावर, शेतातले किंवा मजुरीचे काम असेल तर तेही झाल्यावर, जो तास उरतो तो आपण विश्रांतीतून कापून काढलेला असतो. तो फावलेला नसतो, वाचवलेला असतो. वाचवलेला पैसा आपण डब्यात जपून ठेवतो. वाचवलेला तास मात्र 'काय द्याल ते द्या' म्हणून देऊन टाकतो.

आणखी एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. स्वेटर विणायची यंत्रे आली, भरतकामाची आली, लेसची तर केव्हाच आली. पण खरा क्रोशा अजून यंत्राला जमलेला नाही. यंत्रावरची जाळी दुरून क्रोशासारखी दिसते इतकेच. तिचा टाका निराळा असतो. तेव्हा हल्ली शहरांतल्या मोठ्या दुकानांत क्रोशाची झबली, टोप्या, पिशव्या आणि मुलींचे झगे टांगलेले दिसतात, त्यांतला खरा क्रोशा कुठल्या तरी हातांनीच, एकेक टाका घालून विणलेला असतो. कपडा फार स्वस्त असेल तर समजावे, कोणाचे तरी माप कमी भरले आहे.

या हातांत जोर किती आहे, तेही पाहा. २०१६ साली चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या भगिनींनी ठिकठिकाणच्या बायकांनी विणलेले चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरची चादर केली आणि जगातली सर्वांत मोठी म्हणून गिनीज बुकात नोंद मिळवली. शेताच्या भाषेत सांगायचे तर पावणेतीन एकरांपेक्षा थोडी मोठी. त्यातला एकेक चौकोन आपल्या रुमालाएवढाच असेल.

आता माझी मंडळाला एक विनंती आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण दर वर्षी हातकामाचे प्रदर्शन मांडतो. पाहायला येणाऱ्या 'किती छान!' म्हणतात आणि पन्हे पिऊन जातात. यंदापासून प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी लावू या. तीवर तीनच ओळी: करणारीचे पूर्ण नाव, दोऱ्याचा खर्च आणि लागलेले तास. विकायचे नसेल तरीही लावायची. विकायचे असेल त्या भगिनीने दोऱ्याच्या खर्चावर तासांची मजुरी धरून भाव सांगावा. तासाला किती, ते आपण सगळ्यांनी मिळून एकदा सभेत ठरवावे. एकटीला भाव सांगताना जीभ अडखळते, मंडळाचा ठराव असला की अडखळणार नाही. दुसरे, मंडळाची एक नमुनावही करावी. वयस्कर भगिनींच्या हातात कितीतरी नमुने आहेत जे कुठल्याही पुस्तकात नाहीत. एकेक फूल विणून वहीत टाचून ठेवावे आणि खाली तिचे नाव लिहावे. सुई हातातून सुटली की नमुनाही जातो. माझ्या आजीची मोराची जाळी तशीच गेली. ती आता कोणालाच येत नाही.

प्रेमाने दिलेल्या कामाचा हिशेब करावा असे मी म्हणत नाही. नातवाचे टोपडे, लेकीचा बाळंतविडा, देवापुढचे आसन यांना भाव नसतो आणि नसावा. पण प्रेमाने देणे निराळे आणि कमी समजून देणे निराळे. आपल्या कामाची किंमत आपल्याला ठाऊक असेल, तर दिलेल्या भेटीचेही मोल वाढते.

येत्या हळदीकुंकवाला मी आजीचे तोरण मंडळाच्या दारावर बांधणार आहे. तांबडा टाका उजवीकडे ठेवून, म्हणजे अक्षरे सुलट येतील. चिठ्ठीच्या पहिल्या ओळीवर तिचे पूर्ण नाव लिहीन. दोऱ्याचा खर्च आता कोणाला आठवत नाही आणि तास तर तिने कधी मोजलेच नाहीत. त्या दोन ओळी कोऱ्या ठेवीन. तुमच्या चिठ्ठीवर मात्र तिन्ही ओळी भरून आणाव्यात, एवढेच सांगणे.